मुक्या फोनाची घंटी

गया गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून वाकळ पिळली. ओली वाकळ एकट्या माणसाला पिळता येत नाही. समोरासमोर उभं राहायचं, एकेक टोक धरायचं आणि दोघांनी आपापल्या उजव्या अंगाला पीळ द्यायचा. एकाचा हात चुकून डावीकडं गेला की वाकळ नुसती गरगर फिरते, पाणी थेंबभर निघत नाही. माझा हात चुकला. ती हसली.

"तीस वर्सं तारांला पीळ दिला अन् वाकळीला देता येईना व्हय?"

"तार मधीच बोलत न्हाई," मी म्हणलो.

वाकळ दोरीवर टाकताना तिनं दरवर्षी एकदा काढायची ती गोष्ट काढली. "तांड्यावर जाऊन या. सक्रीबाई लई थकली आता. तिच्या लेकाला अजून वाटतं, ती खोटं बोलली. तुमी बोलल्याबिगर ते फिटायचं न्हाई."

"बघू."

नऊ वर्षं मी बघूच म्हणत होतो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. जीप दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी लोकांनी नेलं.

आमच्या शाळेचे मास्तर दिवाळी अंक काढतात. ते म्हणाले, "किसनमामा, टेलिफोनातली नोकरी लिहा." मी चौथी पास. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नोकरी कधी लागली, खड्डे खोदणारा मजूर होतो तो कायम लाइनमन कधी झालो, ते लिहीत बसत नाही. ते सर्व्हिस बुकात आहे, ज्याला हौस त्यानं वाचावं. मी सक्रीबाईची गोष्ट लिहिणार. पण ती कळायची तर तार काय चीज असते ते आधी सांगावं लागेल.

हट्ट्याजवळचं आमचं गाव. तिथलं एक्स्चेंज म्हणजे एक खोली. आत कपाटाएवढं यंत्र, खाली बॅटऱ्यांची रांग. चावी माझ्याकडं. यंत्रातून प्रत्येक फोनासाठी दोन तारा निघतात, खांबावरच्या चिनी मातीच्या पेल्यांना वेढे घेत गिऱ्हाइकाच्या घरात शिरतात. खोलीतल्या भिंतीला एक चौकट असते. बाहेरून आलेल्या तारा एका बाजूला, यंत्राच्या तारा दुसऱ्या बाजूला. दोन्हींची गाठ घालणारी जी बारीक तार असते तिला जंपर म्हणतात. वाकळ शिवायच्या दोऱ्याएवढी. ती काढली की यंत्र चांगलं, खांब चांगला, फोन चांगला, आणि तरी फोन मुका.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण शिकलेल्या माणसांनाही ती ठाऊक नसते. तुम्ही कोणाला फोन लावता आणि कानात घंटी ऐकू येते ना, ती समोरच्या घरातली नसते. ती एक्स्चेंजचं यंत्र तुमच्या कानात वाजवतं. समोरच्या घरातली घंटी वाजवायला वेगळा करंट जातो. जंपर काढला असेल तर तो करंट चौकटीपाशीच थांबतो, पण यंत्राला ते कळत नाही. ते तुमच्या कानात वाजवतच राहतं. तुम्हाला वाटतं, तिकडं फोन खणखणून राहिलाय आणि कोणी उचलत नाही.

गावात हे फक्त मला ठाऊक होतं. यंत्र खोटं बोलतं म्हणून कोणाला संशयसुद्धा येत नव्हता.

मी लागलो तेव्हा गावात फोन दोन. एक सरपंचाकडं, एक हळदीच्या शेठकडं. शेठनं तो लाकडी पेटीत ठेवला होता, पेटीला कुलूप. बाजाराच्या दिवशी सकाळी गाड्या त्याच्या ओट्यापुढं उभ्या राहायच्या. तो पडद्याआड जाऊन हळू आवाजात बोलायचा. लोक पडद्याकडं बघत उभे. हसत आला तर भाव चांगला, कपाळाला हात लावून आला तर पडला, असा लोकांचा हिशेब. शेठ सदा कपाळाला हात लावूनच यायचा.

"मंदी हाये बाप्पा. सांगलीत कोणी विचारून न्हाई राहिलं."

आणि माणसं गाडी मोकळी करायची. घरी वर्षभर राबून, उकडून, वाळवून, घासून आणलेली हळद, आणि तिचा भाव एका माणसाच्या कपाळावर. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. शेठजवळ फोन होता म्हणजे शेठजवळ भाव असणार. पाटलाच्या विहिरीत पाणी असतं तसं.

मग नव्वदच्या पुढं बूथ आले. माझा मेव्हणा पायानं अधू, त्याच्या नावानं एसटी थांब्याजवळ बूथ मिळाला. सकाळी तो बसायचा, नऊनंतर गया. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे फोनानं शिकवले. दोनशे नंबर तिच्या तोंडपाठ होते. लोक नंबर सांगायचेच नाहीत. "गयाबाई, मपल्या सुनेच्या माहेरी लाव" म्हणलं की ती लावायची.

काय काय गिऱ्हाइकं बघितली! एक म्हातारा कचेरीतल्या साहेबाशी बोलताना दोन्ही हात जोडायचा. हात जोडले की फोन खाली पडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा हात जोडायचा. एक बाई मुंबईच्या लेकीला तान्ह्या नातवाचं पैंजण वाजवून दाखवायची. पैंजणाचा आवाज मुंबईला जाऊन राहिलाय हे बघून माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्याच हातानं पीळ दिलेली तार, पावसात गंजणारी, कावळे बसणारी, तिच्यातून लेकराचा पाय चालत चालला मुंबईला. इतकी वर्षं काम केलं पण ही नवलाई माझी कधी गेली नाही.

एका गावकऱ्याचा साडू वसमतच्या मार्केट यार्डात हमाल होता. तो बाजाराच्या सकाळी बूथवर फोन करून हळदीचा खरा भाव सांगायचा. आल्या-गेल्याला सांगून गया दमली. मग तिनं खडूनं बूथच्या दारावर हळकुंड काढलं आणि पुढं आकडा लिहिला. पुढच्या बाजाराला कापसाचं बोंड काढलं. नंतर तूर. तुरीची शेंग तिला बरी जमली नाही, लोक म्हणायचे, "गयाबाई, ह्यो साप का म्हून काढला?" पण आकडा बराबर असायचा.

त्या हळकुंडानं गाव बदललं. अतिशयोक्ती नाही करत. गाड्या आधी बूथपुढं थांबायला लागल्या. माणसं दार वाचायची, मग शेठच्या ओट्यावर जायची, आणि तो पडद्याआडून कपाळाला हात लावून आला की गालात हसायची. काही जण गाडी तशीच माघारी न्यायचे. "ठिवू द्या घरी, चढंल अजून." असं आमच्याकडं कोणी कधी केलं नव्हतं. पिकलं की विकायचं, हीच रीत. आता माणूस थांबायला शिकला. कोणी थांबून जिंकलं, कोणी लई शहाणपणा करून पडल्या भावात आपटलं. पण आपटलं तेही आपल्या अकलेनं.

रेशनचंही तसंच. दुकानदार म्हणायचा माल आला नाही. एके दिवशी गयानं सरळ तालुक्याच्या गोदामाला फोन लावला आणि बायकांच्या घोळक्यात सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं. तिकडचा कारकून म्हणाला, माल कालच गेला की. बायका तिथून उठल्या त्या थेट दुकानावर. तासाभरात साखर निघाली. कोणाला शिवी नाही, मोर्चा नाही. मी खांबावरून बघत होतो. इतकी वर्षं सरपंच, दुकानदार, शेठ कशाच्या जोरावर मोठे होते ते मला त्या खांबावर कळलं. त्यांना ठाऊक असायचं आणि आम्हाला नसायचं, एवढंच.

हे कळूनही मी जे केलं ते केलं.

उत्तम म्हणजे सक्रीबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेला. तांडा आमच्या गावापासून दीड कोस. सक्रीबाईनं मजुरी करून त्याला बारावी केलं आणि तो फौजेत गेला. कधी काश्मीरात, कधी कुठं. दर बाजाराला ती तांड्यावरून यायची, बूथच्या बाकड्यावर बसायची आणि तीनच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. बूथ दणाणून जायचा तिच्या आवाजानं. गया म्हणायची, "मावशी, एवढं वरडू नको, त्यो फोनात हाये, डोंगरापल्याड न्हाई." सक्रीबाई म्हणायची, "डोंगरापल्याडच हाये बाई त्यो."

ते कारगिलचं वर्ष. आमचा हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि हाटेलातल्या टीव्हीवर लढाई येऊन बसली होती. लोक चहा पीत तोफा बघायचे. उत्तमचं कार्ड आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. आमाला वर जावं लागणार, त्याआधी बाजाराच्या दिवशी फोन करतो, तू बूथवर ये, मग केव्हा बोलणं होईल सांगता येत नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी शेठ माझ्या घरी आला. गया बूथवर होती. चहा प्याला, लेकीची विचारपूस केली. आमची ती लेक पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. भर पावसात, ओढा भरून वाहत असताना शेठनं स्वतः जीप पाण्यात घातली होती आणि गयाला वसमतला नेलं होतं. तो नसता तर दोघी राहिल्या नसत्या. त्या जीपचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं नाही. उपकार करणाऱ्याला नाव काढावं लागत नाही.

"किसन, सांगलीला भाव उसळला. उद्या तुझ्या बायकोच्या दारावर आकडा आला की मपलं दुकान बसलं. तार खराब होतीच की कव्हा कव्हा. एक वाजेपर्यंत होऊ दे. बास."

मी हो म्हणलो नाही. नाहीही म्हणलो नाही. ते हो असतं.

सकाळी भाकरी बांधून देताना गया म्हणाली, "आज उत्तमचा फोन हाये. लाइन बराबर ऱ्हाऊ द्या."

मी मनात हिशेब केला. पोरगा तीनला फोन करतो. मी एकला जंपर बसवणार. दोन तास हाताशी. तिचंही होतंय, शेठचंही होतंय. लढाई आमच्या बाजाराचं घड्याळ बघून चालते, असं समजणारा मूर्ख मीच.

नऊला खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि बूथचा जंपर काढला. हातात धरून स्टुलावर बसलो.

अकराच्या सुमाराला यंत्रात खट् आवाज झाला. मग थांबला. पुन्हा खट्. कोणी त्या नंबराला फोन लावला की यंत्रातला रिले असा उचलतो. बूथचाच खण होता. माझ्यापासून हातभर. मला वाटलं, वसमतचा हमाल भाव सांगायला लावून राहिला. मी ऐकत बसलो. बराच वेळ खट्-खट् चाललं, बंद पडलं. पुन्हा सुरू झालं. तीन वेळा. हातातली तार पुढं केली असती, दोन खिळ्यांना दोन वेढे दिले असते, की तिकडं बूथवर घंटी वाजली असती. मी तार पुढं केली नाही.

तो उत्तम होता. त्याची तुकडी दुपारच्या आत निघणार होती. फौजेच्या तळावरच्या बूथवर रांग लावून त्यानं तीनदा फोन लावला. त्याच्या कानात घंटी वाजत होती. आणि त्याची आई दहापासून त्याच मुक्या फोनापुढं बाकड्यावर बसून होती, हाताच्या अंतरावर.

एकला मी जंपर बसवला. तोवर बरीच हळद शेठच्या ओट्यावर रिती झाली होती. सक्रीबाई बाजार उठेपर्यंत बसली. शेवटी गया म्हणाली, "लाइन खराब होती ना सकाळी, म्हून लागला नसंल. उद्या करंल." सक्रीबाई डोक्यावर पाटी घेऊन गेली.

घरी आल्यावर गयानं माझ्या सदऱ्याकडं बघितलं.

"खांबावर चढले व्हते?"

"व्हय. जोड तुटला व्हता."

"गंज कुठाय मग?"

लाइनमनच्या बायकोला काही सांगावं लागत नाही. लोखंडी खांबाला मिठी मारून चढायचं तर छातीवर गंजाचा पट्टा उठतो. वीस वर्षं ती तो पट्टा धूत होती. त्या दिवशी सदरा पांढरा होता.

मी सगळं सांगितलं, तीन वेळचं खट्-खटसुद्धा. मला वाटलं भांडेल, ताट फेकेल. तिनं ताट वाढलं. मग म्हणाली, "मपल्या बाळंतपणाची जीप तुमी तिच्या लेकाच्या आवाजानं फेडली." थोड्या वेळानं म्हणाली, "तिला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगणार. तुमच्या तोंडानं."

त्यानंतर दीड महिना फोन नाही, कार्ड नाही. सक्रीबाई रोज यायला लागली. बाजार असो नसो. दीड कोस चालत यायची, बाकडा पुसायची, बसायची. गया तिला आपल्यातली अर्धी भाकर द्यायची. हाटेलातल्या टीव्हीवर बर्फाचे डोंगर दिसायचे, कुठल्या कुठल्या गावाला झेंड्यात गुंडाळलेली पेटी आलेली दिसायची. टीव्हीचा आवाज वाढला की ती कानावर पदर घ्यायची. त्याच दिवसांत मुंबईहून कोणाचा तरी फोन आला की रॉकेल आणि मीठ बंद होणार. संध्याकाळपर्यंत तीन गावांतली दुकानं रिकामी. काही बंद झालं नाही. ज्या तारेनं खरा भाव आणला तिनंच ती थापही आणली, त्याच वेगानं. मी खांबावर चढून त्या तारेकडं बघत बसायचो. तिला काय, दोन्ही सारखंच.

मला सांगायचं होतं. रोज बूथसमोरून जायचो. तिचे सुजलेले पाय दिसायचे. पण नोकरी जाईल, गाव थुंकेल, आणि पोरगं परत आलंच नाही तर? मग ती मला काय म्हणेल? मी सायकल दामटायचो.

आणि एके दिवशी, बाजार भरात असताना, घंटी वाजली. गयानं उचललं आणि नुसता "मावशी" म्हणून फोन पुढं केला. सक्रीबाई एवढी ओरडली की भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. अख्खा बाजार गप्प. लढाईच्या डोंगरावरून एक आवाज आमच्या गावात उतरला होता आणि कांदे विकणारी माणसं टोप्या काढून उभी होती. मीही होतो. तसं काही मी पुन्हा बघितलं नाही.

पण पहिलंच वाक्य त्यानं काय म्हणावं? "याडी, त्या दिशी तू आली काहून न्हाई? लई घंटी वाजवली मी."

याडी म्हणजे आई. ती म्हणाली, "आलते रं. म्या इथंच व्हते. फोन वाजलाच न्हाई."

"जाऊ दे याडी. वाजत व्हता. काम असंल तुला."

तो सुट्टीवर आला तेव्हा मला मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, "मामा, तुमी अन् मी एकाच जातीचे. मीबी तारच ओढतो." फौजेत तो सिग्नलला होता. पाठीवर तारेचं रीळ घेऊन डोंगर चढायचा. वर एक साहेब दुर्बीण लावून बसतो, खाली कोसभर मागं तोफ. तोफेला काही दिसत नाही. वरचा साहेब तारेवरून सांगतो, जरा उजवीकडं, जरा पुढं, आणि तोफ न बघता बरोबर मारते. गोळा पडून तार तुटली की तोफ आंधळी. मग ह्यानं सरपटत जाऊन तुटलेली टोकं शोधायची आणि जोडायची.

"कसा जोड देतो?" मी विचारलं.

त्यानं गयाच्या बूथवरचा वायरचा तुकडा घेतला आणि पीळ देऊन दाखवला. तोच माझा पीळ. दात लावून साल काढायची तीच रीत. मी गार पडलो. हळदीचा भाव आणि तोफेचा नेम, दोन्ही ह्याच पिळावर चालतात हे माझ्या बापजन्मात मला सुचलं नसतं. लढाईत जिंकतो तो ज्याची तोफ मोठी, असं मी समजत होतो. ते पोरगं सांगून राहिलं होतं की ज्याला आधी कळतं तो जिंकतो. शेठचाही धंदा तोच होता.

त्याच्या दोन्ही पायांची मिळून चार बोटं बर्फानं गेली होती. चप्पल काढून त्यानं हसत दाखवली. मग म्हणाला, "मामा, एक विचारू? त्या दिशी लाइन चालू व्हती ना? घंटी जात व्हती."

फौजेतल्या फोनाला हातानं दांडा फिरवतात. त्यात घंटी खरीच पलीकडं वाजते, आणि तार तुटली असेल तर दांडा हलका लागतो. त्याच्या हाताला तेच इमान ठाऊक. घंटी गेली म्हणजे लाइन जिवंत.

सक्रीबाई दारात उभी होती. "म्या तिथंच व्हते रं," ती म्हणाली.

तो लेकराकडं बघून हसावं तसा हसला. "याडी, मी कव्हा म्हणलो रागावलो म्हून? पण यंत्र कशाला खोटं बोलंल?"

गया माझ्याकडं बघत होती. ज्याला बोलता येत होतं असा एकच माणूस त्या बूथवर उभा होता. मी म्हणलो, "असंल काही." आणि शिडी उचलून निघालो.

त्या दिवसापासून सक्रीबाई जो भेटेल त्याला सांगायची, म्या दहा वाजल्यापासून तिथंच व्हते. लोक म्हणायचे, व्हय मावशी. कोणाला खरं वाटायचं नाही, कोणाला देणंघेणं नव्हतं. पोरगा दरवर्षी यायचा, तिला जीव लावायचा, पण थट्टेत एकदा तरी तो फोन काढायचाच. ती थट्टा आली की म्हातारीचं तोंड उतरायचं. ती कोणाशी खोटं बोलली नव्हती जन्मात. आणि तिच्या बोलण्यापुढं माझ्या यंत्राची घंटी भारी ठरली होती.

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. मोबाईल आले. गावाबाहेर टॉवर उभा राहिला, चोरांनी तांब्याची तार कापून नेली ती कोणी पुन्हा ओढली नाही. बूथच्या दारावरचं हळकुंड पुसलं. शेठ आता स्वतः फोन करून शेतकऱ्याला विचारतो, "मालक, माल कव्हा काढता?" मालक! हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला जगलो असं वाटतं. मी रिटायर झालो. गया मात्र वर्षातून एकदा म्हणायचीच, तांड्यावर जाऊन या.

ती तीनला गेली. साडेतीनला पुण्याच्या लेकीला कळलं, चारला ती गाडीत बसली. कळमनुरीला कळलं, पुसेगावला कळलं. पूर्वी माणूस पायी निघायचा सांगायला. मी कोणालाही फोन केला नाही, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. हे सगळं बघत मी ओट्यावर बसलो होतो आणि मला एकच दिसत होतं, की आता मला वर्षातून एकदा सांगणारं कोणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तांड्याची वाट धरली. लेक म्हणाली, "बाबा, आजच कुठं? लोक काय म्हणतील?" सुतकातला माणूस कोणाच्या दारी जात नाही. आमच्यात सुतक मानत नाहीत, पण गाव मानतं. मी सक्रीबाईच्या दाराबाहेर उभा राहिलो.

ती खाटेवर बसली होती. "आत ये रं किसन. कालच कळलं. मपले पाय चालून न्हाई राहिले, न्हाईतर आले असते."

मी आत गेलो नाही. उंबऱ्यापाशी खाली बसलो आणि सांगितलं. शेठ, जीप, जंपर, यंत्रातली खट्-खट्. तीन वेळा, तेही सांगितलं. तिनं विचारलं, "गयाला ठाऊक व्हतं?"

"व्हय. त्याच दिशी."

"म्हून भाकर देत व्हती," ती म्हणाली. मला वाटलं, आता शिवी येईल. मी वाट बघत होतो शिवीची.

"मला सांगून काय करतो? म्या तिथं व्हते हे मला ठाऊकच हाये." तिनं उशाखालचा मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. "त्याला सांग."

मी नंबर लावला. उत्तम म्हणाला, "याडी?" मी म्हणलो, "किसनमामा." तो मामीचं बोलायला लागला, कळलं म्हणाला, लई वाईट झालं म्हणाला. मी म्हणलो, "उत्तम, ते राहू दे. मी एक सांगतो, मधी बोलू नको." आणि सांगितलं.

त्यानं फौजी आवाजात विचारलं, "जंपर काढल्यावरबी घंटी जाती?"

"जाती. कानात यंत्र वाजवतं. पलीकडं काही वाजत न्हाई."

"मग याडी..."

"दहापासून बाकड्यावर व्हती. मी काढला जंपर. तू तीनदा लावला, ते मी ऐकलं."

मला तो काही बोलला नाही. आजतागायत बोललेला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. एवढंच म्हणाला, "याडीला द्या."

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. तिकडून तो बोलत होता, ती ऐकत होती. मग ती ओरडली नाही, हळू आवाजात म्हणाली, "व्हय रं. दहा वाजल्यापासून."

मी उठलो. काल दुपारपासून तोंडात पाणी गेलं नव्हतं. तिच्या दारातल्या रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, उभ्यानं प्यालो, तांब्या पालथा घातला आणि घराकडं चालू लागलो.